बूट दिसेल, आई

"आधी ती विजार उतरव, मग माझ्या मक्याच्या भाकरीला हात लाव!"

मी असं ओरडले की माझी सून थर्झा हसत सुटायची. गुडघ्याखाली चार बोटं येणारा झगा आणि आत घोट्याशी आवळलेली विजार! अठराशे एक्कावन्न साली अख्ख्या न्यूयॉर्क प्रांतात या वेषाची बोंब झाली होती. पण आमच्या कालव्याकाठच्या गावात तो घातला फक्त हिनं. माझ्याच नशिबी आली! पण खोटं कशाला बोलू? सहा परकरांचं ओझं टाकल्यापासून पोरगी दोन-दोन बादल्या पाणी आणायची, वर गात असायची.

शनिवारी चर्चचा कारभार बघणारे डीकन प्रॅट घरी आले. दुसऱ्या दिवशी माझ्या नातवाचा बाप्तिस्मा होता.

"मेहिटाबेलबाई, सुनेला समजवा. लांब झग्यात आली तर बाप्तिस्मा होईल. या सोंगात आली तर पोराला तसंच घरी न्या."

"तान्ह्याचा काय हो गुन्हा?" थर्झानं विचारलं.

"तू गप्प बस. या घरात विजार कुणाची चालते ते दिसतंयच," असं म्हणून त्यांनी माझ्या मुलाकडे बघितलं.

"तिचीच चालते, डीकन," ऑर्सन म्हणाला. "माझी गुडघ्यावर फाटलीय."

डीकन पाय आपटत गेले. मला मात्र हसू येईना. थर्झाचा हात धरून म्हटलं, "एक दिवस घाल गं लांब झगा. माझा नातू देवाच्या दारातून परत नको यायला."

तिनं पेटीतून लांब झगा काढला. मग म्हणाली, "तुमच्यासाठी घालते, आई."

रविवारी सकाळी मी जिन्याखाली उभी होते. थर्झा वरून उतरू लागली. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात झग्याचा घोळ. कठडा धरायला हातच उरला नव्हता. तिसऱ्या पायरीवर तिचं पाऊल कापडाखाली चाचपडलं.

ते चाचपडणं मला ठाऊक होतं. ऑर्सन तान्हा असताना मी त्याला घेऊन तळघरात उतरत होते, आणि माझ्याच झग्यावर माझा पाय पडला. पोराला सोडलं नाही मी. पाय मोडला, तो आखूडच जुळला. नवऱ्यानं जाड तळाचा बूट करून आणला. सगळ्यांनी पायरीला शिव्या दिल्या, झग्याला कुणी नाही दिल्या. तेव्हापासून माझे झगे गावात सगळ्यांत लांब. बुटाची टकटक गावानं रोज ऐकली, बूट कुणाला दिसू दिला नाही.

"थांब तिथंच! हलू नकोस!" मी वर जाऊन बाळ घेतलं. "काढ तो झगा. तुझा नेहमीचा घाल. आणि दुसरी विजार मला दे."

"आई, तुमचा बूट दिसेल."

"दिसू दे!"

माझा ठेवणीतला काळा लोकरी झगा मी स्वतः कापला. विजार कमरेत घट्ट झाली. ऑर्सन मेला तोंड फिरवून हसत होता.

चर्चमध्ये शिरलो तशा सगळ्या माना वळल्या. डीकन उठून उभे राहिले.

"मेहिटाबेलबाई, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा. हा बूट नीट बघून घ्या, डीकन. लांब झग्यात पोर घेऊन उतरले होते, त्याची ही खूण. माझी सून माझ्यापेक्षा शहाणी आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. परत पाठवायचं तर तिला, मला आणि बाळाला एकदमच पाठवा."

म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी माझ्या बुटाकडे बघितलं. माझ्या नवऱ्याला मूठमाती त्यांनीच दिली होती.

"पोराचं नाव काय ठेवलंय?" त्यांनी थर्झाला विचारलं आणि पाण्यात हात बुडवला.

बाहेर आलो तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर बर्फ होता. थर्झा एका हातानं बाळाला, दुसऱ्यानं कठड्याला धरून पुढे झाली. ऑर्सननं मला हात पुढे केला.

"नको रे," मी म्हटलं. "तू पुढे हो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझं पाऊल कुठं पडतंय ते मला दिसत होतं. एकेक पायरी बघत मी खाली उतरले.