भर दुपारचे दिवे

त्याने वहिनीच्या स्वयंपाकघरातला दिवा खटकन बंद केला. बाहेर ऊन रणरणत होतं. तो वळतो न वळतो तोच वहिनीने दिवा पुन्हा लावला.

“वहिनी, भर दुपारी दिवा कुणासाठी?”

“असू द्या भावजी. बंद केला आणि परत लागलाच नाही तर?”

त्याने कपाळावर हात मारला. सकाळपासून घरोघर हेच उत्तर. टेकडीवर सौर पॅनेलं बसली, शेजारी पवनचक्की उभी राहिली, दोन्हींची वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या सांभाळायला गावाने त्याला नेमलं, आणि तेव्हापासून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. मागे एकदा गावात वीज आली होती. एका संध्याकाळी गेली, ती पुन्हा या बाजूला फिरकलीच नाही. तेव्हापासून लागलेला दिवा विझवायचा नाही, हे गावाने मनाशी पक्कं धरलं होतं. दिवे दिवसभर जळायचे आणि ऐन जेवणाच्या वेळी बॅटऱ्या मान टाकायच्या. अशाने त्या कायमच्या बसतील आणि नव्या मिळणार नाहीत, असं बसवणाऱ्यांनी बजावलं होतं. तेच सांगून सांगून त्याचा घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी!

संध्याकाळी त्याने सगळ्यांना टेकडीवर बोलावलं. वारा पडला होता, पवनचक्कीचं पातं हलत नव्हतं. पण रागाच्या भरात त्याचं तिकडे लक्षच गेलं नाही.

“नीट बघा. सगळ्या गावाची वीज बंद करतो आणि लगेच चालू करतो. मग तरी पटेल ना?”

त्याने मोठा खटका खाली ओढला. गाव अंधारलं. त्याने ऐटीत खटका वर ढकलला. यंत्रावरचा लाल दिवा लुकलुकला आणि विझला. पुन्हा ढकलला. पुन्हा तेच.

“पटलं बरं का आम्हाला,” गिरणीवाला म्हणाला.

अर्धमेल्या बॅटऱ्यांना गावभरचे दिवे एकदम पेलत नव्हते.

“घरी जा आणि आपापली बटणं बंद करा. भार उतरला तरच वीज येईल.”

“आता बंद करायला राहिलंय काय?”

कुणी जागचं हललं नाही.

“अरे, एकदा तरी ऐका माझं!”

त्याचा आवाज रडवेला झाला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि ती उतार उतरू लागली. मग एकेक करून बाकीचेही निघाले. गिरणीवाला सगळ्यांत शेवटी, पुटपुटत.

बऱ्याच वेळाने खालून वहिनीची हाक आली.

“सगळ्यांनी बंद केलं हो, भावजी! लावा आता!”

त्याने खटक्याला हात घातला. आता एकदा वर ढकलायचा, एवढंच.

आणि वीज परत आलीच नाही तर?

खालून पुन्हा हाक आली. त्याचा हात काही वर जाईना.