जुळा न झालेला फोन

मित्रांनो, मी एक जुना बटणांचा मोबाइल आहे. माझी आकड्यांची बटणं झिजली, पण ऐट शाबूत आहे. का नसावी? मी एका मुलीचं वर्ष वाचवलंय!

कंधारच्या भागवतरावांनी मला त्यांच्या लेकीसाठी, पुनमसाठी घेतलं. ती लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला होती. वसतिगृहात साधाच फोन चाले, तोही दिवसभर बंद करून कपाटात. फोन लागला नाही की भागवतरावांच्या जिवाला घोर लागे.

एका रविवारी ते पुनमला घेऊन पाशामियाँच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आले. “मियाँ, ह्या फोनचा जुळा करून द्या. हिला फोन आला की माझ्याकडं बी वाजला पायजे. आमच्या दुकानात एका लायनीवर दोन फोन होते, तसं. न्हाई जमलं तर पोरगी आजच गावाकडं नेतो.”

पुनमचा चेहरा उतरला.

“भागवतराव,” पाशामियाँ म्हणाले, “हरेक फोनला आपला पंधरा आकडी ओळख नंबर असतो. तो दुसऱ्या फोनात घालणं गुन्हा हाय. मी बी आत जाईन, तुमी बी. अन् लेकीचं बोलणं चोरून कशाला ऐकता?” मग ते पुनमकडे वळले. “बेटी, फोन बंद असताना आलेला कॉल बाबाकडं वळवता येतो. त्याला कायद्याची ना न्हाई. तुझी मर्जी हाय का?”

“हाय,” पुनम म्हणाली आणि तिनं स्वतःच माझी बटणं दाबली.

भागवतरावांनी आपला फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, “बरं, शिक इथंच.”

परीक्षेच्या दिवशी मी कपाटात बंद होतो. पुढचं सगळं मला पुनमच्या तोंडून कळलं. ती ओळखपत्राची पिशवी रिक्षातच विसरली. फाटक बंद व्हायला दहा मिनिटं उरलेली, पुनम रडवेली, आणि कंधारहून केंद्रावर आलेले भागवतराव हवालदिल. पण लातूरची मुलं लिहितात तसा तिनं पिशवीवर माझा नंबर लिहिला होता. रिक्षावाल्या शेषेरावांनी तो लावला आणि फोन वाजला भागवतरावांच्या खिशात! शेषेरावांनी रिक्षा अशी पिटाळली, की पुनम वेळेत आत गेली.

आज ती नांदेडला डॉक्टरकी शिकते आहे. निकालाचे पेढे घेऊन भागवतराव पाशामियाँच्या दुकानात आले होते. “मियाँ, तवा जुळा केला असता तर?”

“तर हे पेढे कोठडीत खाल्ले असते!”

मित्रांनो, आम्हा फोनांची ओळख चोरू नका. आणि आपल्या माणसाची काळजी वाटली, तर चोरून ऐकू नका, सरळ विचारा. पुनमला विचारलं, तेव्हा ती लगेच “हाय” म्हणाली होती.