घडीचा रुमाल

कानाला बांधलेल्या स्कार्फचं टोक दातांत धरून स्नेहलनं बाळाला छातीशी घेतलं. त्यानं तोंड लावलं तशी भेगाळलेल्या बोंडातून निघालेली कळ थेट पाठीत गेली आणि तिच्या पायाची बोटं गोधडीत रुतली. बाळंतपणाला बारा दिवस झाले होते. खालचे टाके अजून धड बसू देत नव्हते, त्यात चार दिवसांपासून डावी बाजू दगडासारखी घट्ट, लालबुंद झालेली.

बाहेर मांडवात पाळण्याला फुलं बांधणं चाललं होतं. भांडगावात पहिल्या नातवाचं बारसं म्हणजे काय थोडकं काम? शिरूरहून सासरची माणसं तीन गाड्या भरून यायची होती. ह्या सगळ्या थाटात बाळंतीण तेवढी कुणाला दिसत नव्हती.

आई तेलाची वाटी घेऊन आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"आण इकडं. चोळलं की गाठ सुटंल."

"नको. काल चोळलंस तवा जीव जायची पाळी आली. एकशे दोन ताप हाय, आई. दवाखान्यात चल."

"बाळंतिणीला कणकण असतीच. पाळण्यात नाव पडू दे, मग लगेच जाऊ."

"हे तू परवापासनं म्हणतीयस."

"आगं, पहिलं बाळंतपण माहेरचं. आज तुला दवाखान्यात घातलं तर तुझ्या सासरचे काय म्हणतील? आईला लेकीचं बाळंतपण जमलं न्हाई. जन्मभर ऐकवतील."

"तुझं नाव जाईल म्हणून मी मरू का?"

आईनं तेलात बोटं बुडवली. स्नेहलच्या डोक्यात तिडीक गेली. कुरकुंभच्या औषध कंपनीत ती चार वर्षं लॅबमध्ये होती. तापमान एका अंशानं चुकलं तरी अख्खी बॅच अडवून धरायची. तिच्या शब्दावर साहेब लोक थांबायचे. इथं स्वतःच्या अंगातला ताप तिला सख्ख्या आईला पटवता येत नव्हता. भेटायला जी येई ती विचारी, दूध पुरतंय ना? तुला दुखतंय का, असं एकीनंही विचारलं नव्हतं. गोठ्यातल्या म्हशीची तरी ह्यापेक्षा बरी चौकशी होते.

"तुला काय कळायचं," ती म्हणाली. "तुझं असं झालं असतं म्हंजी कळलं असतं."

आईचा हात थांबला. वाटी तिनं फळीवर ठेवली. मग पाठ न फिरवता पोलक्याची वरची बटणं काढली आणि डावीकडं खोचलेला घडीचा रुमाल बाहेर ओढून गोधडीवर टाकला. तो रुमाल स्नेहल लहानपणापासून पाहत आली होती. आई त्यात कपाटाची किल्ली ठेवते, असंच ती धरून चालली होती.

रुमालामागं भरलेलं असं काही नव्हतंच. छाती आत बसली होती आणि तिच्यावर वाकड्यातिकड्या टाक्यांचा जुना वण होता.

"तुझ्या वेळंला," आई म्हणाली. "बारसं उरकल्यावर नेलं मला. आत पू झाला होता. डॉक्टर म्हणला, दोन दिस आधी आणायचं. तुला एकाच अंगावर वाढवली."

स्नेहल बघत राहिली. तिला आईची कीव यायला हवी होती. आला तो संताप, आधीपेक्षा दुप्पट.

"म्हंजी तुला ठाऊक होतं." तिचा आवाज चढला नाही. "सगळं ठाऊक असून तू मला थांब म्हणालीस."

तेवढ्यात दारात गाड्यांचे हॉर्न वाजले. शिरूरची माणसं आली होती. आई उठली आणि बटणं लावतच बाहेर गेली. दार उघडंच राहिलं, त्यामुळं स्नेहलला सगळं ऐकू येत होतं.

"या, विहीणबाई. पण पाळणा ऱ्हाऊ द्या आज. पोरीला चार दिस ताप हाय, छातीत गाठ झालीय. मीच दडवून ठेवलं, माझीच चूक. जावईबापू, गाडी वळवा. दौंडला जायचंय."



"बारसं टाकून?" हा आवाज सोजराबाईंचा, स्नेहलच्या सासूचा. "समदी माणसं आलीत. घटकाभराचं तर काम हाय."

"घटकाभर म्हणूनच मलाबी बसवलं होतं, विहीणबाई."

स्नेहलनं बाळाला गुंडाळलं, हाताला लागलं ते फडकं उचललं आणि भिंतीला धरत ती गाडीपर्यंत गेली.

गाडी रविराज, तिचा नवरा, चालवत होता. मागं तिच्याशेजारी बसलेल्या आईनं तिच्या कपाळाला लावायला हात पुढं केला. स्नेहलनं तो बाजूला सारला. राग गेला नव्हता आणि एवढ्यात जाणारही नव्हता.

बाळाच्या ओठांतून दूध ओघळलं. पुसायला म्हणून तिनं मुठीतलं फडकं उलगडलं, तर तो आईचा रुमाल होता. तिनं शेजारी पाहिलं. आईचा पदर घसरला होता आणि पोलकं डाव्या बाजूला रिकामं पडलं होतं. सगळ्या मांडवासमोरून ती तशीच चालत आली होती.

स्नेहलनं रुमालाची घडी केली आणि आईच्या मांडीवर ठेवली. आईनं तो उचलला, क्षणभर हातात धरला आणि बाळाच्या हनुवटीखाली सरकवला.