डाव्या काठावरचा आवाज

जिंबूनला चटईसकट उचलून होडीत ठेवलं, सुजलेल्या पायाखाली तांदळाचं अर्धं पोतं सारलं आणि न्यारिंगने इंजिनाची दोरी ओढायला हात घातला, तोच डाव्या काठावरच्या झाडीतून केतुपोंग ओरडला.

एकदाच ओरडला. मुठीत मावेल एवढासा सुतारपक्षी तो, पण धक्क्यावरची माणसं होती तिथे थिजली.

सगळं लांबघर, एका छपराखालची सगळी कुटुंबं, ख्रिस्ती होऊन बरीच वर्षं झाली होती. आज्यापणज्यांचे ताईत आणि डुकराचे सुळे सगळ्यांनी मिळून याच धक्क्यावरून नदीत सोडले होते आणि काठावर उभं राहून स्तोत्रं म्हटली होती. निघताना डाव्या काठाला केतुपोंग ओरडला तर पाऊल मागे घ्यायचं, हे आता म्हातारे सांगत, तेही हसत हसत. तेव्हा पक्ष्याचं नाव कोणी काढलं नाही. न्यारिंगने दोरी ओढली, पण हातात जीव नसल्यासारखी, आणि खाली बघत म्हणाला की प्लग गेलाय वाटतं. पुढे बांबू घेऊन बसणाऱ्याच्या पोटात कळ आली. मुखियाला आठवलं की वर डोंगरात पाऊस झाला असणार, वाटेतल्या खडकांपाशी पाणी चढलं असेल, उद्या सकाळी बघू. आभाळ तर धुवून वाळत घातल्यासारखं स्वच्छ होतं.

आता बाकीच्यांचं सोडा, पण मिंदूने तरी भांडायला नको होतं का? बायको होती ती जिंबूनची. भातासाठी रान तोडताना कोयता निसटून त्याच्या पावलात घुसला होता. जखम आधी भरत आल्यासारखी दिसली आणि मग आतून चिघळली. लाल रेघ गुडघ्याच्या वर चढली होती, अंगाला हात लावला की चटका बसत होता. कापितचा दवाखाना नदीने खाली, अर्ध्या दिवसाची वाट. हे सगळं तिला दिसत होतं, आणि तरी ती म्हणाली, "माझ्याही मनाला शांती वाटत नाही. उद्या जाऊ."

शांतीची ही शिकवण प्रचारक एनोसची. पहाटे उठावं, गुडघे टेकावे, देवाला विचारावं आणि मग गप्प बसून ऐकावं. त्याची इच्छा असेल तिथे तो मनात शांती घालतो, नसेल तिथे मन अस्वस्थ करतो, असं एनोस सांगे. उपासनेत एकेक जण उठून साक्ष देई. कुणाला देवाने मिरी विकायचा दिवस सांगितलेला असे, कुणाला भांडलेल्या भावाकडे पाठवलेलं असे. मिंदूही रोज पहाटे बसायची, गुडघ्यांची पार वाट लागेपर्यंत. तिला कोंबडे ऐकू येत, शेजारच्या खोलीतला खोकला ऐकू येई, चुलीवरचा भात करपेल की काय ते डोक्यात येई. देव काही बोलत नसे. तिची पाळी आली की ती "प्रभूचे आभार" एवढंच म्हणून खाली बसे. आपल्याच कानात काहीतरी खोट आहे, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं, आणि त्याची तिला फार लाज वाटे.

म्हणूनच त्या सकाळी धक्क्यावर छातीत काहीतरी जड हललं, तेव्हा तिने ते घट्ट पकडलं. अखेर देव आपल्याशी बोलला, असं तिला वाटलं.

जिंबूनला परत खोलीत आणून निजवलं. तो पाणी मागत राहिला, ती चमच्याने पाजत राहिली. मग तो शिकारीच्या कुत्र्यांना हाका मारू लागला. केव्हाच मेलेली कुत्री ती, पण एकेकाचं नाव घेऊन तो त्यांना डोंगरावर बोलावत होता. मिंदूने ओला फडका त्याच्या कपाळावर ठेवला, तो बघता बघता वाळला. तिने तिथेच डोळे मिटून देवाला विचारलं, की बाबा, थांबले मी तुझं ऐकून, आता पुढचं सांग. पुढचं काही आलं नाही. तिला ओरडावंसं वाटलं, पण पातळ भिंतीपलीकडे माणसं होती.

दुपारी एनोस आला. तो पलीकडच्या लांबघरात होता, मिंदूच्या मनाला शांती वाटली नाही म्हणून थांबले एवढंच त्याला कळलं होतं, पक्ष्याचं नाही. माणूस खरंच चांगला. त्याने जिंबूनच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, डोळे पुसले आणि मिंदूला म्हणाला की घाई न करता तू ऐकलंस, हे सगळ्यांना जमत नाही. मग सहज विचारावं तसं विचारलं, "जायचं नाही, हे तुला कधी जाणवलं गं?"

मिंदू सांगायला गेली आणि अडली. पहाटे? पहाटे तर काहीच नव्हतं. चटई बांधताना? तेव्हा फक्त घाई होती, कधी एकदा निघतो असं झालं होतं. होडीत ठेवतानाही तेच. तिने पुन्हा एकदा सगळं आठवून पाहिलं.

"केतुपोंग ओरडला," ती म्हणाली. "त्याच्यानंतर."

"कुठल्या काठाला?" एनोसने पटकन विचारलं.

तोंडातून शब्द गेला आणि त्याचा चेहरा पडला. पोटात शिरलेलं इतक्या लवकर निघत नाही, मग माणूस प्रचारक का असेना. तो मान खाली घालून चटईच्या काड्या चाचपत राहिला. मिंदूला त्याचा राग आला नाही. राग आला तो स्वतःचा. बाकीचे निदान प्लगवर आणि पोटावर ढकलून मोकळे झाले होते, हिने सरळ देवाच्या नावावर खपवलं होतं.

ती उठली. न्यारिंग पडवीत जाळं दुरुस्त करत बसला होता. तिच्या बहिणीचा मुलगा, अंगाखांद्यावर वाढलेला. तिला बघून त्याने प्लगची गोष्ट पुन्हा सुरू केली, की उद्या सकाळी नक्की बघतो.

"प्लगला काही झालेलं नाही," मिंदू म्हणाली. "मीपण ऐकलाय तो. चल, ऊठ."

"मावशी, देवाने सांगितलं का?"

"नाही. तो काही म्हणाला नाही. माणूस मरतोय माझा, आणखी काय सांगायला हवं त्याने?"

न्यारिंगने जाळं खाली ठेवलं, इंजिन खांद्यावर टाकलं. बांबू एनोसने स्वतः उचलला. आता निघणं म्हणजे खडकांतून तिरप्या उन्हात जाणं, समोरचं दिसत नाही. पण कोणी आडवं आलं नाही.

नदी पश्चिमेला वाहते, त्यामुळे ऊन थेट तोंडावर येत होतं. मिंदूने आपली ताडपानांची टोपी काढून जिंबूनच्या चेहऱ्यावर धरली. खळाळातून होडी आपटत, उडत गेली, एनोस पुढे मोठ्याने प्रार्थना करत बांबू मारत होता, आणि पाणी संथ झालं तेव्हा जिंबून शुद्धीवर आला. सकाळी आपण का परतलो, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं, सगळं, जसं झालं तसं, देवाचं नावसुद्धा कसं घेतलं ते.

"मग आत्ता काय म्हणाला देव?" त्याने विचारलं.

"काही नाही. मीच निघाले."

"बरं केलंस," जिंबून म्हणाला. "तुझं ऐकायची सवय आहे मला."

नंतर त्याने पाणी मागितलं. तिने पाजलं, ते ओठांच्या कडेने बाहेर आलं. तिने ते हाताने पुसलं आणि टोपी पुन्हा नीट धरली. पाणी देणं, सावली धरणं, यांत कुठे विचारायला लागत नव्हतं. सकाळीही विचारायची गरज नव्हती, हे तिला आता कळत होतं, आणि ते कळून काय करायचं ते कळत नव्हतं.

पुढच्या वळणावर न्यारिंगने मागून विचारलं, "काका कसे आहेत?"

"झोपलाय," मिंदू म्हणाली. "तू चालव."

त्याने वेग वाढवला. एनोसने एकदा मागे वळून पाहिलं, तिच्याकडे, मग चटईकडे, आणि पुन्हा कधी पाहिलं नाही. त्याची प्रार्थनाही थांबली.

कापितच्या धक्क्यावर दवाखान्याची माणसं स्ट्रेचर घेऊन उतरली. एकाने जिंबूनची मान चाचपली, मनगट धरलं आणि दुसऱ्याकडे बघून नकारार्थी डोकं हलवलं. सूर्य केव्हाच डोंगराआड गेला होता, पाण्यावर संध्याकाळ पसरली होती. मिंदू स्ट्रेचरच्या बाजूने पायऱ्या चढू लागली, टोपी तशीच त्याच्या तोंडावर धरून.

"आई, ऊन गेलंय आता," तो माणूस हळूच म्हणाला.

"हो," मिंदू म्हणाली, आणि हात दुखायला लागला म्हणून तिने टोपी दुसऱ्या हातात घेतली.