ढिगाखालचं पाणी

प्रयोगशाळेत तिला सगळे तोंडावरच ‘शेवाळबाई’ म्हणत. तिची हरकत नव्हती. चौदा वर्षं तिचे हात पाणवनस्पतींच्या मुळांतच होते. यंदा तिने कातडी कमावणाऱ्या कारखान्याचं सांडपाणी बारा टाक्यांत भरून त्यात जलपर्णी सोडली होती. सहा आठवड्यांत पाण्यातलं विषारी क्रोमियम इतकं उतरलं, की संचालक स्वतः टाकीत डोकावून गेले. कारखान्याने लगेच आपल्या तळ्यात जलपर्णी लावली. आता संस्थेचा अहवाल हाती आला, की सांडपाणी सोडायचा परवाना पक्का.

पण जलपर्णी धातू पचवत नाही, मुळांत साठवते. तळ्यातून उपटलेली झाडं कारखान्याने कालव्याच्या काठावर रचून ठेवली होती. शेवाळबाईने त्या कुजक्या ढिगाखालून निथळणारं पाणी बाटल्यांत धरून एकेचाळीस वेळा तपासलं. तळ्यातून गेलेलं क्रोमियम तिथे हजर होतं. तिने अहवालात शेवटचं प्रकरण त्यावरच लिहिलं.

“पुढच्या वर्षीच्या अहवालात घेऊ हे,” संचालक म्हणाले.

“तोवर ढीग थांबेल का, सर?”

“तुम्हाला झाडांचा अभ्यास सांगितला होता. ढिगाचा नाही.”

“ढीग झाडांचाच आहे.”

दुसऱ्या दिवशी टाक्यांच्या खोलीची किल्ली तिच्याकडून काढून घेतली.

घरी थोरल्या जाऊबाई फणकारल्या. त्या त्याच कारखान्यात पट्टे शिवायच्या. “कारखान्याला टाळं लागलं तर माझ्या पोटावर पाय येईल, कळतंय का तुला?”

“टाळं नाही मागत मी. ढीग उचला म्हणते. कारखान्यात तुम्ही प्यायचं पाणी कुठून भरता, वहिनी?”

जाऊबाई हळूच म्हणाल्या, “कालव्याकाठच्या विहिरीतून.”

परवान्याच्या सुनावणीत संचालकांनी अहवाल वाचला, शेवटचं प्रकरण गाळून. शेवाळबाई उठली. “या अहवालावर माझं नाव आहे. अकरा पानं वाचायची राहिलीत, ती मी वाचते.” कुणीतरी माईक बंद केला. तिने आवाज चढवला आणि वाचत राहिली. मधेच कारखान्याचा व्यवस्थापक हसला, तेव्हा मागच्या रांगेतून जाऊबाई उभ्या राहिल्या. “ऐकू द्या. ते पाणी आम्ही पितो.”

ढीग उचलून पक्क्या, बंदिस्त खड्ड्यात पुरेपर्यंत परवाना अडला. विहिरीवर पाटी लागली, कामगारांसाठी टँकर सुरू झाला. शेवाळबाईची मात्र ग्रंथालयात उचलबांगडी झाली. तिने गच्चीवर चार टब मांडले आणि काम पुढे चालू ठेवलं.

महिन्याभराने संचालकांनी तिच्या नावाने टाइप केलेलं माफीपत्र पाठवलं, तिने फक्त सही करायची होती. ‘अपुऱ्या चाचण्यांच्या आधारे मी विधान केले,’ असं त्यात होतं. तिने ‘अपुऱ्या’ खोडून वर ‘एकेचाळीस’ लिहिलं आणि सही न करता शिपायाच्या हाती परत दिलं.