बिनकामाची वीस पानं

तीनशे चारच्या डावाला दुर्री ते छक्की लागत नाहीत, हे रत्नागिरीकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बत्तीस पानांत खेळ उरकतो. विभावरीबाईंच्या माहेरी मे महिन्यात काका-मामा ओटीवर डाव मांडून बसत आणि उरलेली वीस पानं मुलांपुढे टाकत, "घ्या, बंगले बांधा!" तेव्हापासून बाईंच्या लेखी ती वीस पानं बिनकामाची, म्हणजेच बायकापोरांची.

म्हणून २०१६ साली परदेशात, हॅमिल्टनला लेकाकडे सहा महिने राहायला आल्यावर त्यांनी जे केलं, त्याला त्यांच्या मते चोरी म्हणता येत नव्हतं.

झालं असं, की कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये दर बुधवारी बायका जमायच्या. पोस्टातून निवृत्त झालेली ग्वेन सगळ्यांची म्होरकी. महिन्याला एक रंग ठरायचा. पत्त्याच्या पानावर त्याच रंगाचे कपटे, कापड, दोरा, जे हाती लागेल ते चिकटवून प्रत्येकीने नऊ पानं सजवायची आणि महिनाअखेर एकमेकींत वाटायची. आपली नऊ द्यायची, दुसऱ्यांची नऊ घ्यायची. "घरातला एखादा पत्त्यांचा जुना कॅट आण," ग्वेन म्हणाली, "कोऱ्या गुळगुळीत पानांवर गोंद धरत नाही."

बाईंचे यजमान दत्तात्रयराव, त्यांच्या कॅटची धार तर पन्नास पावसाळ्यांत गेलेली. बत्तीस पानं डबीत, उरलेली वीस रबर लावून ड्रॉवरमध्ये. बाईंनी ती गड्डी पिशवीत टाकली. पिवळ्या महिन्यात हळदीच्या पाकिटाचा तुकडा, जुन्या परकराची नाडी आणि लेकाच्या गाडीवरची पार्किंगची पावती चिकटवली. हिरव्यात तर त्या पेटल्याच. पोपटी, शेवाळी, मेंदी, पिस्ता, कैरी अशी एकेक छटा त्या सांगू लागल्या, तशी ग्वेन म्हणाली, "आमच्याकडे एवढे हिरवे नाहीत गं, आमच्याकडे नुसतं गवत आहे." दोन महिन्यांत अठरा पानं गेली. ड्रॉवरमध्ये किल्वरची दुर्री आणि तिर्री तेवढी उरली.

आणि मग तो शनिवार उजाडला. बाहेर पावसाची झोड. लेक आणि सून गाडी घेऊन बाजारात गेलेले. दहा वर्षांची नात सिद्धी आयपॅड चार्जिंगला लावून घरभर फिरत होती. फिरता फिरता ती आजोबांच्या खुर्चीपाशी थांबली.

"आजोबा, आय'म सो बोर्ड. टीच मी समथिंग."

चार महिन्यांत पोर आपणहून जवळ आली नव्हती. दत्तात्रयरावांनी किती गोष्टी काढल्या, किती कोडी घातली. ती "कूल, आजोबा" म्हणून निघून जायची. आता मात्र ते ताडकन उठले. "बदाम सात शिकवतो! विभा, तूही बस." आणि त्यांनी ड्रॉवर उघडला.

आणि बाईंच्या ध्यानात आलं, बदाम सातला बावन्नच्या बावन्न पानं लागतात.

"विभा, इथली गड्डी कुठाय?"

"ती ना... मी रंगवली."

"रंगवली म्हणजे?"

"अर्धी पिवळी, अर्धी हिरवी. आणि वाटून टाकली."

"माझी पानं? गावभर?"

"तुमचं तीनशे चार चाललंय ना सुरळीत!"

"अगं, सत्तीच्या खाली काय लावू मी? डोकं?"

"इट्स ओके, आजोबा," सिद्धी समजूतदारपणे म्हणाली. "डोन्ट वरी." आणि ती खुर्चीवरून घसरून खोलीकडे निघाली. दत्तात्रयराव दोन पानं हातात धरून तसेच उभे राहिले. ते ओरडले असते तर बाईंना चाललं असतं. डेअरीत, म्हणजे तिथल्या किराणा दुकानात, नवा कॅट मिळाला असता, पण पायी जाऊन-येऊन पाऊण तास, तोही या पावसात. तेवढ्यात आयपॅड चार्ज झाला असता.

"सिद्धी, थांब!" बाई ओरडल्या आणि आतून आपला अल्बम घेऊन आल्या. ग्वेन आणि मंडळींची पानं त्यात होती, नऊ पिवळी, नऊ हिरवी, प्लास्टिकच्या कप्प्यांत जपलेली. कुणाला बोट लावू देत नसत त्या. त्यांनी ती टेबलावर ओतली. "ही पण पत्तेच आहेत. कोणतं पान काय ते तू ठरव."

लोणच्याच्या बरण्यांना लावायच्या चिकटपट्ट्या निघाल्या. सिद्धीने पेन घेतलं.

"दिस वन लुक्स ग्रम्पी. इस्पिक छक्की?" तिने आजोबांना विचारलं.

"अगदी तुझ्या आजीसारखी. लिही."

तिकडचं वाळलेलं पिवळं कोव्हाय फूल चिकटवलेल्या पत्त्यावर पट्टी बसली तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले. पण पोर टेबलाशी बसली होती.

डाव काय सांगावा! पानं पिसताच येईनात. एकावर बटण, दुसऱ्यावर लोकरीचा गोंडा. शेवटी टेबलावर पसरून कालवली. त्यात प्रत्येकीच्या कॅटची पाठ वेगळी. कुणाच्या हातात काय आहे, ते समोरच्याला बघता बघता पाठ झालं. पहिला डाव सिद्धीने मारला, दुसरा बाईंनी. तिसऱ्यात सिद्धीची बदामाची सगळी खालची पानं अडून बसली.

दारात गाडी वाजली. सून आत आली. "सिद्धी, तुझा आयपॅड झालाय बघ चार्ज."

"वेट, मम! आजोबाने छक्की दाबलीय."

"दाबलीय कुठली? माझ्याकडे नाहीच ती!" दत्तात्रयराव छातीशी पानं धरून म्हणाले. "विभा, तुझ्याकडे आहे का गं?"

त्यांच्या बोटांआडून घोड्यांच्या चित्राची पाठ डोकावत होती. घोडे फक्त ग्वेनच्या पानांमागे होते आणि ग्वेनचं एकच पान डावात होतं, बदामाची छक्की. बाईंनी ते पाहिलं. सिद्धीनेही पाहिलं, ती खुर्चीवर गुडघे टेकून आजोबांच्या हातावर झडप घालायच्या बेतात होती.

"पास," विभावरीबाई म्हणाल्या.