एकशे सतरा नंबरची साखळी

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. कुत्र्याची नव्हे, झोपाळ्याचीही नव्हे. मी जमीन मोजायची साखळी. हल्ली जमीन मोजायला तिपाईवरची यंत्रे आली आहेत, त्यामुळे माझी जात तुमच्या पाहण्यात नसेल.

परक्यांचे राज्य होते तेव्हा एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोलादी तारेचे शंभर सारखे तुकडे कडीत कडी घालून जोडले, दर दहा कड्यांनंतर एक पितळी बिल्ला लावला आणि दोन्ही टोकांना पितळी मुठी बसवल्या. मुठीवर नंबर ठोकला, एकशे सतरा. माझी लांबी सहासष्ट फूट. माझी काही भावंडे शंभर फुटांची होती. कड्या त्यांनाही शंभरच, पण त्यांची एकेक कडी फूटभर लांब आणि माझी आठ इंचांच्या आतली. हा फरक ध्यानात ठेवा, कारण याच फरकाने पुढे एकतीस घरांची झोप उडवली.

मोजणीसाहेबाच्या हाती पडले तेव्हा माझे मागचे टोक धरायला एक माणूस नेमला होता. लोक त्याला साखळ्या म्हणत. त्याने मला धरून ओढे ओलांडले, काट्यांतून वाट काढली. दिवसभर चिखलात लोळून आले की संध्याकाळी तो मला धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवी. साहेब कधीमधी म्हणे, "अरे, बायकोची एवढी काळजी घेतोस का?" साखळ्या म्हणे, "साहेब, बायको स्वतःची काळजी घेते. हिला कोण आहे?" मला तेव्हा किती बरे वाटायचे म्हणून सांगू!

त्याच दिवसांत एका बागायत कंपनीला सरकारने जमीन दिली. मीच ती मोजली. ओढ्याच्या काठापासून टेकडीच्या दिशेने बरोबर चाळीस साखळ्या. तिथे दगड रोवला. दगडापलीकडची जमीन वाडीची, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांची. साहेबाने आपल्या वहीत लिहिले, 'चाळीस साखळ्या, साखळी नंबर एकशे सतरा.' कंपनीच्या सनदेत मात्र नुसतेच आले, 'चाळीस साखळ्या.'

पुढे पोलादी फीत आली आणि आम्हाला मोडीत काढले. साखळ्याने कचेरीत रीतसर अर्ज केला आणि मला घरी आणले. तो होता तोवर माझी चैन होती. तो गेला आणि माझे दिवस फिरले. त्याच्या नातवाने माझ्या अकरा कड्या तोडून फाटकाला लावल्या, एक मूठ कुठे गेली कुणालाच ठाऊक नाही. उरलेली मी पत्र्याच्या डब्याखाली गंजत पडले. एकदा तर भंगारवाला दारात उभा होता. नातवाने मला उचललेही होते. तेवढ्यात त्याची थोरली बहीण आली. ती दवाखान्यात नर्स होती, सगळी वाडी तिला नर्सबाईच म्हणे.

"ठेव ती खाली," ती म्हणाली.

"ताई, गंजलेलं लोखंड आहे ते!"

"आजोबांचं आहे. तुला जड होत असेल तर माझ्याकडे दे."

तिने मला आपल्या घरी नेले आणि खोक्यात जुनी चादर अंथरून ठेवले. मित्रांनो, त्या दिवशी तिला माझा काही उपयोग नव्हता. तरीही तिने मला ठेवले. हे उपकार मी कसे विसरेन?

परके गेले, आपले राज्य आले, कंपनीचे मालक दोनदा बदलले. हद्दीचा दगड कधीच्या काळी टेकडीवरून आलेल्या लोंढ्यात वाहून गेला होता. मग एके दिवशी वाडीतल्या एकतीस घरांना नोटिसा आल्या, जागा रिकामी करा. कंपनीचे म्हणणे असे की सनदेतली साखळी शंभर फुटांची. त्या हिशेबाने तिची हद्द आणखी तेराशे साठ फूट पुढे सरकत होती. त्या पट्ट्यात घरे होती, झरा होता, शाळा होती, नर्सबाईचा दवाखानाही होता.

कोर्टकचेऱ्या झाल्या, हाती काही लागले नाही. शेवटी परक्यांच्या काळातल्या जमिनींच्या तक्रारी ऐकायला संसदेची एक समिती बसली, तिच्यापुढे वाडीचा अर्ज गेला. अर्जासाठी दप्तरखान्यात कागद चाळताना नर्सबाईला मोजणीसाहेबाची वही सापडली. नंबर वाचला मात्र, ती तशीच उठून घरी आली. खोके उघडले, माझी उरलेली मूठ पदराने घासली आणि तिच्यावरचा नंबर वाचला. "अगं बाई, तूच की गं ती!"

समितीच्या इमारतीच्या दारात पहारेकऱ्याने पिशवी उघडायला लावली.

"हे काय? साखळी? कुत्रा कुठाय?"

"कुत्र्याची नाही दादा, जमिनीची आहे."

"जमीन काय पळून जाते होय?"

"आमची पळवतायत," नर्सबाई म्हणाली. पहारेकऱ्याने वाट दिली.

आत लांबलचक टेबल होते, पंखे फिरत होते आणि मधोमध समितीच्या अध्यक्षबाई बसल्या होत्या. नर्सबाईने मला टेबलावर ठेवले. कंपनीच्या वकिलांनी माझ्या कड्या मोजल्या आणि ते हसले. "अध्यक्षबाई, ही साखळी एकोणनव्वद कड्यांची आहे. एक मूठही नाही. मोडक्या वस्तूवरून लांबी कशी ठरवायची?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. वाटले, आयुष्यात एकदा बोलायची वेळ आली आणि मी अपुरी पडले. माझ्यामुळे एकतीस घरे उठणार.

नर्सबाईचा आवाज आधी कापरा होता. "बाई, मी कायदा शिकले नाही. पण अख्खी साखळी लागतेच कशाला? शंभर फुटांच्या साखळीची कडी एक फुटाची असते. तुमच्याकडे फूटपट्टी आहे ना? एक कडी पुरे."

टिपणे घेणाऱ्या कारकुनाने आपली लाकडी फूटपट्टी पुढे केली. अध्यक्षबाईंनी स्वतः माझी एक कडी तिच्यावर ताणून धरली. कडी आठाच्या आकड्याच्याही अलीकडेच संपली. पुढची पट्टी रिकामी. समितीतले सगळे जण खुर्च्या सोडून वाकून पाहू लागले.

"झिजून आखूड झाली असेल," वकील म्हणाले.

"साहेब, साखळी झिजली की सांध्यात सैल पडते आणि लांब होते. आखूड होत नाही. माझे आजोबा दर महिन्याला ती खुंट्यांवर ताणून तपासायचे, ते याचसाठी." आता तिचा आवाज ठाम होता.

वहीतला नंबर आणि माझ्या मुठीवरचा नंबर शेजारी ठेवून पाहिले. वकिलांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

अहवाल यायला आठ महिने लागले. समितीने वाडीच्या बाजूने शिफारस केली, सरकारने ती मानली, नोटिसा रद्द झाल्या आणि एकतीस घरांच्या नावाने कागद झाले. आज मी संसदेच्या दप्तरखान्यात कोरड्या कपाटात आहे. तुटलेल्या कड्यांची मला आता लाज वाटत नाही. मला बनवणाऱ्या हातांची, माझा नंबर नेमाने लिहून ठेवणाऱ्या साहेबाची, साखळ्याची आणि त्याच्या नातीची मी ऋणी आहे.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकायची वेळ आली तर जरूर टाका, सगळेच कुठे साठवणार? पण टाकण्याआधी घरातल्या थोरल्या माणसाजवळ घटकाभर बसून विचारा, हिने काय काम केले? उत्तर ऐका आणि मगच ठरवा.

नर्सबाई मला इथे सोपवायला आली, तेव्हा तिने इथल्या कारकुनाची परवानगी काढून मला तेलाचा हात फिरवला. सही करताना कारकुनाने विचारले, "वस्तूची स्थिती काय लिहू? निकामी?"

"छे हो," ती म्हणाली, "लिहा, कामावर हजर."